टाळलेली तपासणी

धाकटी बहीण स्तनाच्या कॅन्सरनं गेल्यापासून कुंदाताई दरवर्षी न चुकता मॅमोग्राफी करून घेत. कोरोनाच्या वर्षी मात्र नवऱ्यानं, विनायकरावांनी, दारातच अडवलं.

"अहो, तासाभराचं तर काम आहे."

"हॉस्पिटलातून कोरोना घरी आणायचाय का? पुढच्या वर्षी बघू."

जीव टांगणीला लागला, तरी कुंदाताई थांबल्या.

पावसाळ्यात कोरोना घरी आलाच. सोसायटीतल्या पत्त्यांच्या अड्ड्यावरून विनायकरावांनीच आणला. त्यांचं सर्दीवर निभावलं. कुंदाताईंना मात्र दम लागला आणि हॉस्पिटलात छातीचा सीटी स्कॅन करावा लागला.

"फुफ्फुसं सुधारतील," डॉक्टर म्हणाले, "पण स्तनात गाठ दिसतेय. लहान आहे तोवर सापडली, नशीब समजा."

कुंदाताईंनी घरी फोन लावला. या माणसाला शिव्या द्याव्यात की त्याचे आभार मानावेत, हे पलीकडून "हॅलो" येईपर्यंत त्यांचं ठरलं नव्हतं.