पहिली सुपारी

जत्रांतल्या खेळांच्या सुपाऱ्या घ्यायला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागून आठ दिवस झाले, तरी सोपानच्या राहुटीत एकाही गावचं माणूस फिरकलं नव्हतं. आज पाचजण आले.

"या पावणं, कंच्या गावची जत्रा?"

"जत्रा नाही काका, आम्ही पुण्याहून परंपरा बघायला आलोय. सुपारी कशी घेता, तेवढं करून दाखवा ना."

सोपाननं देवापुढचा नारळ त्यांच्या हातात दिला, तोच परत घेऊन कपाळाला लावला आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाला, "हनुमान जयंतीची तारीख पक्की."

व्हिडिओ घेऊन मंडळी गेली.

पडद्यामागं चहा करणाऱ्या ठकूबाईला, त्याच्या बायकोला, स्टोव्हच्या आवाजात तेवढंच ऐकू आलं होतं. ती डोळे पुसत साखरेची मूठ घेऊन बाहेर आली.

सांगायला म्हणून सोपाननं तोंड उघडलं, आणि तिनं त्यात साखर घातली.