विचार केल्यासारखं

इंडोनेशियातल्या सुराबायाच्या एका विमा कंपनीत वेनिंगने दावे तपासणारे दोन सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्म वर्षभर तावूनसुलाखून पाहिले. एक स्वस्त, पण रडतखडत चालणारा. दुसरा तिप्पट महाग, पण चुटकीसरशी उत्तर देणारा. वरच्यांशी भांडभांडून तिने महागडाच घ्यायला लावला.

पहिल्याच आठवड्यात इबू सुलास्त्री नावाच्या एक बाई दाव्यांच्या खिडकीशी आल्या. कारकुनाने त्यांच्या दिवंगत नवऱ्याच्या उपचारांचा दावा भरला आणि पापणी लवायच्या आत पडद्यावर ‘नामंजूर’ उमटलं.

“माझा माणूस अंथरुणात झिजून गेला,” त्या कडाडल्या, “आणि त्याचे कागद वाचायलाही तुम्हाला सवड नाही?”

अशा तक्रारी वाढल्या, तसं साहेबांनी वेनिंगला बोलावलं. “अगं, तुझं यंत्र फार उतावळं आहे. उत्तराआधी दोन मिनिटं नुसतं चक्र फिरत ठेव.”

“साहेब, वेगासाठीच तर आपण तिप्पट मोजले!”

“लोकांना वेग नकोय गं. विचार केल्यासारखं दिसायला हवं.”

वेनिंगने दातओठ खात तेवढं केलं. इबू सुलास्त्री फेरविचारासाठी आल्या, तेव्हा ती मुद्दाम खिडकीमागे उभी राहिली. पडद्यावर चक्र फिरत होतं आणि बाई ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटत होत्या. मग पुन्हा ‘नामंजूर’ आलं.



बाईंनी डोळे पुसले आणि वेनिंगचा हात हातात घेतला. “असू दे पोरी. या वेळी नीट वाचलंत, उपकार झाले.”