नांग्या

नत्थुजींनी बैल मधेच थांबवले आणि मागून चालणारी माणिकबाईही थांबली. सकाळपासूनची ही चौथी खेप.

"काहून थांबले?" तिनं औतामागून विचारलं.

"बैल दमले."

बैल कसले दमतात. निवांत शेपट्या हलवत उभे होते. नत्थुजी मागं आले, तिच्या ओटीतली सरकी उगाच हलवली, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा पुढं जाऊन बैल हाकू लागले.

नवऱ्यानं औत हाकायचं आणि बायकोनं मागून चालत सरत्यात, म्हणजे औताला बांधलेल्या बांबूच्या नळीत, सरकी सोडायची, ही वऱ्हाडातली जुनी वाटणी. ओळ वाकडी गेली तर गाव हाकणाऱ्याला हसतं, दाणा चुकला तर सरत्यावालीला. माणिकबाईला तीस वर्षांत कुणी हसलं नव्हतं. धास्ती होती ती नवऱ्याच्या ओळींची.

कारण नत्थुजींचं डोकं आताशा ठिकाणावर नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, आणि शालिकरामला, तिच्या दिराला, कळू द्यायचं नव्हतं. समुद्रापार गोऱ्यांची आपसातच लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचा भाव आला. जो तो ज्वारी सोडून कापसाच्या मागं लागलेला. नेमका अशा साली शालिकराम येऊन म्हणाला होता, "वयनी, यंदा आमची सून दुर्गा सरतं धरन. तुमी दोघं बसा घरी आरामात."

आज सरतं, उद्या औत, परवा सगळं वावर. माणिकबाई काही दुधखुळी नव्हती. "माहे हात मोडले नाईत अजून," असं म्हणून तिनं सरतं उचललं होतं.

पण रात्रंदिवस जिवाला घोर. एके दिवशी नत्थुजी म्हणाले, रुख्मिणी आठ दिवस राहून अकोल्याला परत गेली. आता पोटची लेक माहेरी येऊन गेली असती तर आईला कळलं नसतं होय? तिनं वाद घातला नाही. हा माणूस पूर्वी गाडीच्या पुढं पळायचा. आता तिच्याबरोबर निघाला की मुंगीच्या पावलानं चाले, चार पावलांवर थांबे. चुलीपाशी येऊन बसे, मीठ टाकलं का म्हणून विचारी, कधी स्वतःच भांडं उतरवी. पुरुषमाणसाला हे काय सुचतंय, म्हणून तिला रडू येई.

शेवटी पेरणीआधी तिनं मागं लागून त्यांना अमरावतीला वैद्यांकडे नेलं. नत्थुजी एका शब्दानं नाही म्हणाले नाहीत, याचीच तिला जास्त भीती वाटली. जोडीनं आलात तर जोडीनं पाहतो, असं म्हणून वैद्यांनी दोघांच्याही नाड्या पाहिल्या.

"विहिरीला पाणी आहे, थोरला पाटही वाहतो आहे," वैद्य म्हणाले. "पण बारीक पाट गाळानं बुजत गेले की कडेचे वाफे कोरडे पडतात. डोक्यातल्या बारीक नाड्यांचं तसंच झालंय. एका दिवसात नाही होत, वर्षं लागतात." बोलताना ते नत्थुजींकडेच पाहत होते, तेव्हा काय ते तिला कळलं.

"कोरडे वाफे पुना भिजतीन?" तिनं विचारलं.

"उरलेले जपायचे, बाई."

वैद्यांनी पुड्या दिल्या. रोज सकाळी नत्थुजी मधात पुडी कालवत आणि बोट तिच्यापुढं धरत. "आधी तू चाख. लय कडू हाय का पाह्य." लेकरू झालंय माझ्या माणसाचं, असं वाटून तिचा जीव तुटे. ती मुकाट्यानं चाटून दाखवी.

पेरणी आटोपली. आठ-दहा दिवसांनी शालिकरामनं निरोप धाडला, उगवण पाह्यले येतो. माणिकबाई त्याच्या आधी वावरात पोचली आणि छातीवर हात ठेवून तिनं ओळी पाहिल्या.

ओळी सुतासारख्या सरळ होत्या. तशाच पुढं अमरावतीपर्यंत नेल्या असत्या तरी वाकल्या नसत्या. तिचा जीव भांड्यात पडला.

मग ती जवळ गेली. हातभर रोपं, पुढं चार हात नुसती काळी माती. पुन्हा रोपं, पुन्हा माती. दाणा न पडल्यानं ओळीत राहिलेल्या अशा मोकळ्या जागांना नांग्या म्हणतात. सगळं वावर नांग्यांनी भरलेलं होतं. माणिकबाईनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

बांधापाशी नत्थुजी उकिडवे बसून बोटानं माती उकरत होते आणि नांग्यांत एकेक सरकी टोबत होते. अर्ध्या ओळी भरूनही झाल्या होत्या. त्या ओळींच्या कडेनं त्यांच्या पावलांचे ठसे होते, आणि शेजारून कुणीतरी पाय घासत गेल्याच्या खुणा.

"उंदरानं खाल्ली असन सरकी," ते वर न पाहता म्हणाले. "शालिकरामलेबी तेच सांगू."

ती पाय घासत त्यांच्याजवळ गेली.

"वैद्यानं त्या पुड्या कोनासाठी देल्या होत्या?"

नत्थुजींनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं आणि मूठभर सरकी तिच्या ओटीत टाकली.

"सांगतो ना," ते म्हणाले. "कालबी सांगतलं होतं."