शेपूट

जॅकेट ऑफिसातल्या खुंटीला होतं आणि ती नव्हती.

"असेल की इथेच," कारकून म्हणाला. "जॅकेट आलंय म्हणजे ती आलीच. तोंड धुवायला गेली असेल."

तिचा नवरा कामावरून नुकताच खाली उतरून आला होता. त्याने मागची मोरी पाहिली. पर्यटकांची बस गेली त्या रस्त्यापर्यंत जाऊन आला. मग खालून, घळीतून, पाण्याचा आवाज वर आला. कारकून खुर्चीतून उठला.

ती दुसऱ्या दिवशी सापडली, घळ संपते तिथल्या जाळीला.

ती घळ बघायला लांबून लांबून लोक यायचे. दोन्ही बाजूंना उभे कडे, वरून लोंबणाऱ्या वेली, मधून गुडघाभर पाण्यातून चालायचं. वर बंधारा होता. लोक बाहेर पडले की त्याचे दरवाजे उघडत. एकेका टोळीत चार भाषांची माणसं, हाका मारून कुणाला काय कळणार? म्हणून सगळ्यांच्या मागून चालणाऱ्याच्या अंगात नारिंगी जॅकेट. वळणावरच्या मचाणाखालून ते जॅकेट गेलं की राखणदार बंधाऱ्यावर फोन करायचा, "घळ रिकामी."

त्या शेवटच्या माणसाला सगळे शेपूट म्हणत. "शेपूट आलं की समजा, माकड आलं," असं ती स्वतःच हसून सांगायची.

त्या दिवशी जॅकेट दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगात होतं. कुणाच्या, ते कळलं नाही. बस निघून गेली होती.

तेराव्यानंतर मालकाने तिच्या नवऱ्याला बोलावलं. "कुठलं काम देऊ तुला?"

"तिचं," तो म्हणाला.

मचाणावर नवा राखणदार आला. जुन्याबद्दल तिच्या नवऱ्यासमोर कुणी अवाक्षर काढत नसे. तो रोज जॅकेट घालून शेवटी चालायचा आणि आलेल्यांचे चेहरे बघायचा. ते जॅकेट घालून गेलेल्या माणसाला त्याला एकच गोष्ट विचारायची होती.

पुढच्या वर्षी एक जोडपं आलं. बाई चष्मेवाली. पाण्यात पाय टाकतानाच तिने कपार हाताने घट्ट धरली.

"आमच्या हिला बादलीतल्या पाण्याचीही भीती वाटते," तिचा नवरा म्हणाला. "तरी हट्ट, परत यायचंच!"

"परत?" त्याने विचारलं.

"हो ना. मागच्या वर्षी मैत्रिणींबरोबर आली होती. एवढी घाबरून गेली होती, तरी!"

"तुम्ही व्हा पुढे, साहेब. ताईंना मी आणतो सावकाश."

साहेब शीळ घालत पुढे गेले. शीळ वळणापलीकडे विरली. कड्यावर, डोक्याच्याही वर, पाण्याने ओढलेली काळी रेघ होती. बाई मान वर करून तिच्याकडे बघत राहिली.

"इथवर येतं पाणी?"

"येतं."

"दादा, जरा भरभर चालूया का?"

तो थांबला. "परत का आलात, ताई?"

"इथे एक बाई होत्या, तुमच्यासारख्याच शेवटी चालायच्या. मी कुडकुडत होते, तर त्यांनी अंगातलं जॅकेट काढून मला घातलं. टोपीसुद्धा डोक्यावर ओढून दिली. माझा चष्मा मागे पडला होता. म्हणाल्या, 'तू हो पुढे, मी आणते. आंधळी कोशिंबीर खेळू नकोस.' वर आले तर बस हॉर्न देत होती. जॅकेट खुंटीला लावलं आणि चष्म्यासाठीही न थांबता पळाले. आभार मानायचे राहिले." ती जरा हसली. "आज सुट्टीवर आहेत का त्या?"

त्याने तिच्या पिशवीचा पट्टा धरला.

"दादा?"

त्याने दुसऱ्या हाताने जॅकेटची चेन खाली ओढली.

"मला नको," ती घाईने म्हणाली. "मला नाही वाजत थंडी. सोडा ना पट्टा. हे बाहेर वाट बघत असतील." तिने नवऱ्याला हाक मारली. हाक कड्यावर आपटून तिच्याकडेच परत आली.

"तुम्हाला देत नाहीये. मला गुदमरतंय," तो म्हणाला. चेन तशीच उघडी ठेवून त्याने श्वास घेतला. पट्टा मात्र सोडला नाही. "एकच विचारायचंय, ताई. मग चला."

"काय?"

"त्या दिवशी मचाणावरून हाक आली, तेव्हा तुम्ही हात का हलवलात?"

ती गोंधळली. "चष्मा नव्हता हो. माणूस नुसता धूसर दिसत होता. पाण्याच्या आवाजात शब्दही कळले नाहीत. पण कुणी इतक्या मायेने ओरडतंय म्हटल्यावर... हलवला." मग ती एकदम थबकली. "हे तुम्हाला कसं माहीत?"

त्या दिवशी मचाणावर तोच होता. "चहा टाक गं, आलोच मी," असं तो मचाणावरून ओरडला होता, जॅकेटमधला हात हललेला पाहिला होता, आणि मग त्याने फोन उचलला होता. आपली बायको आता नाही, हे ताईंना सांगायचं अजून राहिलं होतं.