शेळीला मोगरा

पळसाच्या पानात बांधलेली मोगऱ्याची फुलं रुक्माबाईनं चांगुणापुढं ठेवली. जवळा बाजारच्या माळणीकडून मुद्दाम मागवली होती. सवतीसाठी फुलं आणणारी बाई विरळाच, पण ही काही केसांत माळायची नव्हती.

"छातीवर बांध. दूध आटतं म्हणतेत."

बारसं काल झालं होतं. चांगुणाच्या पोटचं पोर रुक्माबाईनं पाळण्यात घातलं, नाव आपल्या सासऱ्याचं ठेवलं. आज चांगुणानं सिद्धेश्वरला आईकडं जायचं होतं, एकटीनंच. तसं ठरलंच होतं. ठरवलं रुक्माबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं, संतरामनं. दुष्काळाच्या साली खडी फोडणाऱ्या बायांतून त्यांनी ही नवऱ्यानं टाकलेली पोरगी हेरली, देवळात माळ घातली आणि पोर व्हावं म्हणून घरात आणली. तेव्हा तीही हो म्हणाली होती. पोटात भाकर नव्हती, आणि पोर म्हणजे काय तेही तिला ठाऊक नव्हतं.

रुक्माबाईच्या मांडीवर बाळ टाहो फोडत होतं. शेळीच्या दुधात बुडवलेला कापसाचा बोळा ती त्याच्या तोंडात पिळत होती आणि ते दूध बाहेर टाकत होतं. ते रडलं की समोर चांगुणाची चोळी भिजायची. ते बघून रुक्माबाईला दया आली नाही, चीड आली.

"बसून काय राहिली? गाडी जुंपलीय."

"बाई, तुमी जावेचं धाकटं पोरगं दत्तक घेणार होत्या. काहून न्हाई घेतलं?"

"त्याची माय भिंतीपल्याड. रोज डोकावली असती. अन् दत्तक म्हंजे परक्याचं. हे आमचं हाय. बी आमच्या घरचं."

"अन् रान? बटईनं लावलं तरी रानवाल्याला अर्धं मिळतंय, बाई."

संतराम अंगणात कासरा धरून उभा होता. तो बैलाच्या गळ्यातली घुंगरं नीट करू लागला. ती नीटच होती. असल्या वेळी नवऱ्यांना बैल फार उपयोगी पडतात.

चांगुणानं फुलं उचलली आणि ती अंगणात उतरली. रुक्माबाईला हायसं वाटलं. पण चांगुणा गाडीकडं गेलीच नाही. खुंट्याला बांधलेल्या शेळीजवळ ती उकिडवी बसली, पदराची पट्टी टर्रकन फाडली आणि सगळा मोगरा शेळीच्या कासेला आवळून बांधला.

"आटू द्या हिचंबी."

"सटवे! भाकरी घातली तुला आमी!"

"घातली. त्या भाकरीचंच तर दूध झालंय."

ती येऊन ओसरीच्या पायरीवर मांडी घालून बसली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्तच लागला.

"जावेच्या दारात गेल्या असत्या तर पदर पसरून मागितलं असतं न्हवं लेकरू? तिनं दिलं असतं, न्हाईतर न्हाई म्हणली असती. मला कुणी मागितलंच न्हाई. व्हायच्या आधीच तुमचं झालं ते. मागा आता. पदर पसरून मागा. मंग बघते मी, द्यायचं का न्हाई."

"तुझ्याम्होरं पदर पसरू? मी?"

बाळाचा आवाज बसत चालला होता. आता नुसता घसा खरवडल्यासारखा येत होता.

"मागून टाक की एकदाचं," संतराम बैलाकडं बघत म्हणाला.

रुक्माबाई बाळाला घेऊन उठली. पायरीपाशी आली, थांबली. तिचा पदर बाळाभोवती घट्ट गुंडाळलेला होता. तो पसरायचा तर आधी बाळ कुणाच्या तरी मांडीवर द्यावं लागणार होतं.