मेमरीचं मागचं दार

"दार काढता येणार नाही," साहेब म्हणाले. "चाचणीवाल्यांना लागतं."

सहा वर्षांत हे वाक्य ती सहाव्यांदा ऐकत होती.

"मग माझा राजीनामा घ्या."

"घेतो की. दाराला वारस आणा आणि खुशाल जा."

वारस कुठून आणणार? खात्यातली माणसं शहाणी होती. त्या दाराचं नाव काढलं की प्रत्येकाला दुसरं काम आठवायचं.

ती कर्नल सांभाळायची. म्हणजे संगणक ज्या प्रणालीवर चालतो तिचा गाभा. नातेवाईक अजून विचारायचे, सैन्यात कुठे नेमणूक आहे म्हणून. त्या गाभ्यात कुणीतरी कधीकाळी चाचणीपुरतं एक मागचं दार ठेवलं होतं. चालू सर्व्हरला तिथून सांगायचं की अमुक पत्त्यावर नवी मेमरी बसवली आहे. एरवी कर्नल खातरजमा करतो. या दारातून आलेलं मात्र डोळे मिटून खरं मानतो. पत्ता खोटा निघाला, तर जिथे काहीच नाही तिथे लोकांची माहिती ठेवायला जातो आणि सर्व्हर जागच्या जागी कोसळतो.

गेल्या महिन्यात एका ग्राहकाच्या माणसाने गंमत म्हणून ते दार उघडलं आणि पत्त्यातला एक आकडा चुकवला. एका बंदरावरच्या क्रेन अकरा तास हवेत लोंबकळत राहिल्या. चुकवणारा घरी जाऊन झोपला. उत्तरं हिने दिली, कारण फाइलवर नाव हिचं.

आणि नेमणुकीच्या करारात एक ओळ होती. ताब्यातला भाग दुसऱ्याकडे सोपवल्याशिवाय किंवा रीतसर काढून टाकल्याशिवाय कार्यमुक्तीचं पत्र मिळणार नाही. पत्राशिवाय दुसरी नोकरी नाही. असल्या ओळी लिहिणाऱ्यांना स्वतःला कधी कुठे अडकावं लागत नाही.

नवरा आणि मुलगी तीन वर्षांपूर्वीच दुसऱ्या शहरात गेले होते. ती 'पुढच्या महिन्यात' जाणार होती. काल मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू नक्की येतेयस ना? नाहीतर तुझ्या कपाटात मी माझे बूट ठेवते." मागून नवरा हसला. मग हसायचा थांबला.

तिथल्या नोकरीवर सोमवारी हजर व्हायचं होतं. आज शुक्रवार.

"निदान चाचणीवाल्यांना विचारा तरी," ती साहेबांना म्हणाली.

"दर वर्षी फॉर्म जातो. 'चाचणी विभागाकडून वापर चालू आहे का?' दर वर्षी 'होय' येतं. आणि नोंदी तुम्हीही बघता की. दिवसाला तीनशे वेळा उघडतात ते दार. हौस म्हणून?"

नोंदी तिला तोंडपाठ होत्या. तीनशे वेळा. रविवारीसुद्धा. चाचणीप्रमुखाचं तोंड मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं. एका विभागाने दुसऱ्याशी फॉर्मवरच बोलायचं, हा इथला शिरस्ता. त्या प्रमुखाला सगळे हातोडा म्हणायचे.

ती उठली आणि जिना उतरून थेट तळघरातल्या चाचणी विभागात गेली.

खिडकी नसलेली खोली. चारी भिंतींना घरघरणारी यंत्रं. मधोमध एक किडकिडीत माणूस डबा उघडून बसला होता, पण जेवत नव्हता.

"मी कर्नलमधली. मागच्या दाराची."

त्याने मान वर केली. "अच्छा. म्हणजे तुम्हीच त्या."

"त्या म्हणजे?"

"काही नाही. बसा. बेतानं, खुर्चीचा पाय मोडलाय."

ती बसली नाही. "मला तुमची ना-हरकत हवी. दार काढायचंय."

"थट्टा करता का गरिबाची?"

"माझी चाललीय थट्टा, सहा वर्षं. तुमच्या त्या तीनशे वेळांपायी मी इथे खिळून बसलेय. पोरगी माझ्या कपाटात बूट ठेवायला निघालीय."

"तीनशे!" तो कडवट हसला. "त्यापायी चाळीसेक यंत्रं रोज कोसळतात. ती हातानं उठवायची. रविवारी कोण येणार? मीच. बायको म्हणते, एखाद्या यंत्रालाच हार घालायचा होतात."

"मग कमी करा की! शंभर करा. नाहीतर दुसरी वाट घ्या. मी बांधून देते, आठवड्यात देते. तिकडून रात्री जागून देते."

"मला काय करायचीय दुसरी वाट?"

"अहो, मग अडवता कशाला?"

"मी अडवतो?" त्याने डबा बाजूला सारला. "मॅडम, मी जन्मात कुणाचं काही अडवलेलं नाही."

"आणि फॉर्मवर सही कुणाची? सहा वर्षं, सहा वेळा 'होय'!"

"वापर चालू आहे का, असं विचारलंय. चालू आहे. खोटं लिहू?"

तेवढ्यात भिंतीवर एक लाल दिवा लागला. तो उठला, कोपऱ्यातल्या यंत्राचं बटण दाबून धरलं, दिवा हिरवा होईपर्यंत पाठमोरा उभा राहिला. परत आला तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

"हे बघा, भांडायला नाही आले. सोमवारी तिथे पोचले नाही तर नोकरी गेली, आणि घरही गेल्यातच जमा. तुम्हाला त्या दारातून नेमकं काय मिळतं, तेवढं सांगा. ते मी कुठूनही आणून देते."

हातोडा तिच्याकडे बघतच राहिला. चावी हातात धरून चावीच शोधणाऱ्या माणसाकडे बघावं तसा.

"आम्हाला काय मिळायचंय?" तो म्हणाला. "कर्नलमध्ये जे जे आहे ते रोज तपासायचं, एवढाच आमचा नियम. ते दार नीट उघडतं का, तेवढंच बघतो आम्ही. तुम्ही ठेवलंय म्हणून."