मळवट

"मळवट भर की गं. देवीला ताटकळत ठिवू न्हाई," बायनाबाई म्हणाली.

कुंकवाचं ताट रोहिणीच्या हातात होतं, पण हात पुढे जाईना. घटापुढे तिची सासू छबुबाई घुमत होती. केस मोकळे सुटले होते, चोळी घामानं चिंब झाली होती, ओठ थरथरत होते आणि तोंडातून निघणाऱ्या शब्दांना शेंडा-बुडखा नव्हता. नवरात्राची तिसरी माळ, आणि छबुबाईचा नुसत्या पाण्यावरचा कडक उपास. देवी अंगात यायला आणखी काय लागतं? गल्लीतल्या बाया खण-नारळ घेऊन दारापर्यंत बसल्या होत्या. कुणाला लेकीचं लग्न विचारायचं होतं, कुणाला हरवलेली म्हैस.

रोहिणीनं भिंतीतल्या देवळीतलं, सासूच्या साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांचं पाकीट पाहिलं. आजची गोळी काढलेली होती. डॉक्टरांनी जेवणाआधी सांगितलेली गोळी छबुबाईनं इमानेइतबारे घेतली होती. जेवण तेवढं घेतलं नव्हतं.

"काकी, ही देवी न्हाई. आत्याबाईंची साखर उतरलीय. मी साखरपाणी देते."

"डोकं फिरलं का तुजं?" चुलत सासू बायनाबाई आडवी आली. "देवी अंगात असताना उपास मोडतीस? घराचं वाटुळं करतीस का?"

रोहिणीनं नवऱ्याकडे पाहिलं. अभिमन्यू आपल्याच आईपुढे हात जोडून उभा होता. त्याच्याकडून काही व्हायचं नव्हतं. छबुबाईचं घुमणं आता मंदावलं, मान एका खांद्यावर कलली. बाया आपसात म्हणाल्या, आई शांत व्हायलीय. ही शांतता कुठं जाते ते रोहिणीला ठाऊक होतं. भांडत बसायला वेळ नव्हता, आणि भांडून ती जिंकलीही नसती.

तिनं ताट खाली ठेवलं. चुलीपाशी गेली, तांब्याभर पाण्यात दोन मुठी साखर ढवळली, वाटी घेतली आणि तशीच परत आली. सासूच्या पायांवर डोकं टेकून, दारातल्या बाईलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "आई, तुझा निवद आणलाय. गोड करून घे."

देवीचा निवद कोण अडवणार? बायनाबाईचा हात आपोआप मागे गेला.

रोहिणीनं सासूचं डोकं खांद्याशी धरून ओठांना वाटी लावली. पहिला घोट हनुवटीवरून ओघळला. "गिळा, आत्याबाई, गिळा," ती कानाशी पुटपुटत राहिली. दुसरा घोट गिळला गेला. मग तिसरा. एक वाटी संपली, दुसरी संपली. रोहिणी घड्याळाकडे पाहत होती आणि मनातून पार खचली होती. पंधराव्या मिनिटाला छबुबाईनं डोळे उघडले, दाराकडे पाहिलं आणि पदर सावरला.

"येवढ्या बाया कावून जमल्यात गं?"

एकीनं आपला नारळ हळूच पिशवीत टाकला.

"गाडी काढा," रोहिणी अभिमन्यूला म्हणाली. "नेकनूरला दवाखान्यात न्यायचं. ही गोळी दिवसभर अंगात राहती. साखर परत उतरल."

जीपमध्ये बायनाबाईही येऊन बसली. अर्धा रस्ता ती फुगून, तोंड फिरवून बसली होती. मग तिला राहवेना.

"आमी इतक्या बाया व्हतो. तुला एकटीलाच कसं उमगलं?"

रोहिणीनं सासूचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"चार वर्सांमागं माजलगावला माज्या आईच्या अंगातबी अशीच देवी आलती, काकी. आमी समदे पाया पडत बसलो. सांजच्याला आई गेली." तिनं सासूच्या कपाळावरचा घाम पुसला. "मळवट मीच भरलता."